मनीप्लँटचे पेर

चाळीच्या गॅलरीत, बैठ्या घराच्या खिडकीत बाटलीतला मनीप्लँट दिसला नाही असे होत नाही. तो चोरून आणला तरच पैसा येतो म्हणे! पैसा येवो न येवो, शेजारीण मात्र रागावते. मागितली तर फांदी ती आनंदाने देईल.

पण फांदी कापावी कुठे? वेलाला जिथून पान फुटते ती गाठ म्हणजे पेर. उसाला असते तसेच. पानाच्या बगलेत डोळा असतो, आणि पेरावरच मुळाचा तपकिरी फुगवटा दिसतो. नवा कोंब डोळ्यातून निघतो. म्हणून पेराच्या बोटभर खाली कापून पेर पाण्यात बुडवावे. पुष्कळ जण नुसते पान देठासकट ठेवतात. त्याला मुळे फुटतात, ते महिनोन्‌महिने हिरवे राहते, पण त्याचा वेल होत नाही. डोळाच नाही, तर फुटणार काय?

वेल एकाच अंगाने लांबत असेल तर शेंडा खुडावा. शेंडा असेतो तो खालचे डोळे दाबून धरतो.

कुंडीतल्या वेलाला माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी द्यावे. मुळांनाही हवा लागते. सतत चिखलात ती कुजतात.

बाटलीचे मात्र जपावे. डेंग्यूच्या डासाची मादी अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते आणि 8-10 दिवसांत डास उडतात. अंडी काचेला चिकटतात, म्हणून दर आठवड्याला पाणी बदलताना बाटली आतून घासावी. आणि ती उंचावर ठेवावी. पान चावले तर रांगत्या मुलाच्या तोंडाची आग होते.