थंड हवेचा ताप

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाने खातेदाराला काय विचारावे याचे नियम आहेत. खातेदाराने कारकुनाला काय विचारू नये याचे मात्र एकही परिपत्रक अजून निघालेले नाही. त्यामुळे एप्रिलची पंधरा तारीख उलटली की आमच्या आष्टीत लोक पासबुक पुढे सरकवता सरकवता मला हमखास विचारतात, "काय साहेब, यंदा कुठं?"

या प्रश्नाला "कुठं नाही, इथंच" असे उत्तर देऊन पाहा. समोरच्याच्या नजरेत एकदम कीव दाटून येते. थकीत कर्जदाराच्या जामीनदाराकडे आमचे मॅनेजरसाहेब ज्या नजरेने पाहतात, तीच ती. मग तो माणूस आवाज खाली आणून विचारतो, "का हो? घरी काही...?"

घरी काही नाही. सगळे खणखणीत आहेत. पण तेव्हा काउंटरवर जे बोलता येत नाही ते आज इथे सांगून टाकतो. लहान मुलांना भर मे महिन्यात उचलून थंड हवेच्या ठिकाणी नेणे हा त्या मुलांवर आणि भविष्य निर्वाह निधीवर उघड उघड अन्याय आहे, असे माझे स्वच्छ मत आहे. हे मत मी पुस्तकातून घेतलेले नाही. पदरचे पैसे मोजून मिळवलेले आहे.

ते पैसे मोजले मे 2022 मध्ये. आमचा एलएफसीचा चार वर्षांचा ब्लॉक संपत आला होता. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: जाण्यायेण्याचे भाडे बँक देते, आणि बँक भाडे देते या आनंदात बाकीचे सगळे आपण देतो. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, फुकट जाईल ना!" फुकट जाऊ नये म्हणून माणूस किती खर्च करू शकतो, हे बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात कुठेच शिकवलेले नाही. महाबळेश्वर ठरले. थोरली तेव्हा तिसरीत, धाकटा बालवाडीत.

नगर, पुणे, वाई असे करत आम्ही पसरणीच्या घाटापर्यंत पोचलो आणि दोन्ही मुलांनी पहाटे खाल्लेले सर्व परत केले. धाकट्याने तर व्याजासकट. हॉटेलात पोचलो तेव्हा चौघांपैकी उभे राहण्याच्या स्थितीत मी एकटाच होतो, आणि मलाच रजिस्टर भरायचे होते. 'आष्टी' लिहिले तर मॅनेजर म्हणाला, "म्हणजे वर्ध्याची आष्टी का? बेचाळीसच्या लढ्यातली?" म्हटले नाही. "मग बापू गोखले पडले ती?" म्हटले, ती सोलापूर जिल्ह्यातली, 1818 ची. जालना जिल्ह्यात आणखी एक आहे, गडचिरोलीकडे आणखी एक. आमची बीड जिल्ह्यातली. तिच्यात कोणी पडलेले नाही, फक्त पाऊस पडत नाही. एवढे होईतो धाकट्याने हॉटेलच्या पायरीवर पुन्हा एक हप्ता भरला होता.

दुसऱ्या दिवसापासून पॉइंट सुरू झाले. पॉइंट म्हणजे काय, तर जिथे उभे राहिल्यावर मोठी माणसे "वा!" म्हणतात आणि लहान मुले "आता जायचं का?" म्हणतात ती जागा. गाडीवाल्याजवळ छापील यादी होती. तिसऱ्या पॉइंटला थोरलीने विचारले, "बाबा, अजून किती पॉइंट बाकी आहेत?" तो सूर माझ्या ओळखीचा होता. गृहकर्जाचे हप्ते भरणारी माणसे तो सूर लावतात.

त्या तीन दिवसांत धाकटा खरा रमला तो एकाच ठिकाणी. हॉटेलच्या मागच्या अंगाला एक कुत्री व्याली होती. पाच पिल्ले. पोरगा तिथे फतकल मारून बसला तो उठेना. शेवटी मी त्याला ओढून, प्रसंगी एक धपाटा देऊन, सूर्यास्त बघायला नेला. तिथे इतकी गर्दी की सूर्य नेमका कोणाच्या टोपीमागे बुडाला ते कळले नाही. खांद्यावर पोरगा रडतोय, समोर शंभर पाठी, आणि मी त्याला दटावतोय, "बघ, बघ! आपल्याकडे असा असतो का?"

असतो की! आमच्या गच्चीवरून रोज दिसतो, आणि मध्ये कोणाची टोपी नसते.

परत आल्यावर मी रीतसर जमाखर्च मांडला. डावीकडे खर्च, उजवीकडे मुलांच्या आनंदाचे तास. पिल्लांजवळचा वेळ धरून बेरीज साडेतीन तास भरली. पिल्ले वगळली तर तासाचा दर असा निघाला की त्या भावात आमच्या तालुक्यात एक गाभण शेळी येते. शेळीजवळ पोरगा वर्षभर खेळला असता, वर करडे मिळाली असती.

आता हे थंड हवेचे खूळ आले कुठून? तर साहेबाकडून. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने 1828-29 च्या सुमारास महाबळेश्वरला बस्तान मांडले. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने 1850 मध्ये माथेरान शोधले, आणि 1907 मध्ये तिथे छोटी आगगाडीसुद्धा गेली. साहेबाचे मी समजू शकतो. त्याला ऊन सोसत नव्हते. शिवाय तो डोंगरावर आख्खे सरकार घेऊन जाई. उन्हाळ्यात मुंबई इलाख्याचा कारभार महाबळेश्वरहून चाले. म्हणजे तो बदलीवर जात होता, सहलीवर नव्हे. 1947 साली साहेब गेला, पण त्याचा मे महिना आपल्या गळ्यात बांधून गेला. आणि आम्ही मराठवाड्यातली माणसे! आमच्या डोक्यावर तर निजाम होता, तोही 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. जो साहेब आमच्या वाट्याला थेट आलाच नाही, त्याची नक्कल आम्ही कर्ज काढून करतो.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही मी ऐकून घेतलेले आहे. आमचे हेड कॅशिअर म्हणतात, "मुलांचं जग मोठं होतं." होत असेल. माझ्या मुलांचे जग गाडीच्या खिडकीपासून प्लास्टिकच्या पिशवीपर्यंत होते. दुसरा मुद्दा सौभाग्यवतींचा: "चार दिवस मला चुलीपुढून सुट्टी मिळते, ते नाही का दिसत तुम्हांला?" या मुद्द्यावर मी पूर्ण शरण आहे. सबंध खटल्यातला हा एकच खरा पुरावा आहे. पण त्यासाठी तीनशे किलोमीटर जायची गरज नाही, मी स्वयंपाकघरात गेलो तरी काम भागते. तेव्हापासून मे महिन्यात आठवड्यातले दोन दिवस आमच्याकडे मी केलेले पिठले असते. मुले त्यालाही पॉइंट म्हणतात, ती गोष्ट वेगळी.

पण माझे मत पक्के झाले ते जमाखर्चाने नव्हे. त्याच जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर, थोरलीच्या वर्गातला एक मुलगा वही मागायला घरी आला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. आमच्या भागात हे सांगावे लागत नाही, इतरांसाठी सांगतो. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या गावांतून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, आणि भांडीकुंडी, शेरडे, पोरे असा संसार ट्रॅक्टरवर चढतो. कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाडव्याच्या आगेमागे, ही माणसे परमुलखात कोपी घालून राहतात. मुले मागे राहावीत म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहे असतात, पण सगळीच मुले मागे राहत नाहीत. हा राहिला नव्हता.

थोरलीने त्याला महाबळेश्वरची कथा ऐकवली. उलट्या वगळून. पोरगा शांतपणे ऐकत होता. त्याने स्वतः कोल्हापूर, सांगली, कराड, बारामती सगळे पाहिले होते, माझ्यापेक्षा दुप्पट. फक्त एलएफसी न घेता. ऐकून झाल्यावर त्याने एकच विचारले, "तिथं तुमचं कोण व्हतं?"

"कोणी नाही."

"मंग कशाला गेले व्हते?"

बँकेत बावीस वर्षे काढली, ऑडिटरचे नाना प्रश्न झेलले. पण असा प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. गाव सोडून जाणे ही ज्याच्या घरची मजबुरी, त्याला हौसेने जाणारी माणसे कशी कळावीत? त्याच्या दृष्टीने उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे घरी असणे. आजी, लिंबाचे झाड, आणि आईच्या हातात कोयता नसणे.

म्हणून पुढच्या वर्षी, मे 2023 मध्ये, मी बंड केले. सहल रद्द केली नाही, लहान केली. आमच्याकडे तोवर रेल्वे आली होती. अहमदनगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला 1995 च्या सुमारास, आणि त्यातल्या 66 किलोमीटरवरून पहिली गाडी आष्टीला पोचली 23 सप्टेंबर 2022 रोजी. (2025 च्या सप्टेंबरात ती बीडपर्यंतही गेली.) स्टेशनचे नाव 'न्यू आष्टी'. जुन्या आष्टीत रेल्वे कधीच नव्हती, तरी नवीनपणा नावात हवा. गाडी तेव्हा रविवारी धावत नसे, म्हणजे नेमकी माझ्या सुट्टीच्या दिवशी तिलाही सुट्टी. पण बँकेचा दुसरा शनिवार कामी आला.

कडा, धानोरा, सोलापूरवाडी, नारायणडोह अशी एकेक पाटी वाचत आम्ही नगरला गेलो. (2024 पासून ते अहिल्यानगर झाले आहे; जिभेला सवय लागायला वेळ लागेल.) डब्यात एक आजोबा होते. काम काही नव्हते, केवळ बसायला म्हणून बसले होते. "मंजूर झाली तवा काळे केस व्हते," एवढेच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. धाकट्याने त्यांना आपली खिडकीची जागा दिली. महाबळेश्वरला त्याने कोणाला काही दिले नव्हते, गाडीवाल्याच्या सीटकव्हरखेरीज.

नगरला 1994 पासून लष्कराचे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तिथे धाकटा पॅटन रणगाड्यापुढे अर्धा तास उभा होता. मी या खेपेस घड्याळ पाहिले नाही. भुईकोट किल्ल्यापाशी मला वडीलकीची उबळ आली. सांगितले, 1942 ते 1945 नेहरू इथे कैदेत होते, इथेच त्यांनी मोठे पुस्तक लिहिले. धाकट्याने विचारले, "त्यांना मे महिन्याची सुट्टी नव्हती?" येताना एस.टी.ने आलो. कोणीही काहीही परत केले नाही.

उरलेले पंधरा दिवस मुलांना सासुरवाडीला टाकले. आमच्याच तालुक्यात, कड्याच्या पलीकडे. ऊन चाळीसच्या वर. परत आली तेव्हा गुडघे सोललेले, फ्रॉकवर आंब्याचे डाग, डोक्यात उवा. गावात टँकर येई तेव्हा थोरली मामीबरोबर रांगेत उभी राहिली होती. "बाबा, भरलेली घागर किती जड असते!" असे ती मला सांगत होती. हे ज्ञान कुठल्याही पॉइंटवर दुर्बिणीतून दिसत नाही.

आणि मग जूनमध्ये शाळेने निबंध घातला: 'मी सुट्टीत पाहिलेले स्थळ'. थोरलीने मामाच्या गावावर लिहिले. आजी, मामी, टँकर, घागर, उवासुद्धा. खाली लाल शाईत शेरा आला: 'स्थळाचे वर्णन अपुरे. दहापैकी चार.'

मी विचारले, "त्या मुलानं कशावर लिहिलं गं?"

"घरावर. त्याला तीन मिळाले. 'विषय सोडून लिहिले आहे.'"

हा लेख त्या लाल शाईसाठी आहे. बाईंना मी दोष देत नाही. त्यांनाही कोणीतरी दर एप्रिलमध्ये "यंदा कुठं?" विचारतच असणार. पण माझी जाहीर मागणी आहे की निबंधाचा विषय बदलावा. 'सुट्टीत मी कोणाजवळ होतो' असा द्यावा. मग कोणाला किती मार्क पडतात ते पाहू. महाबळेश्वरला पाच दिवस राहून आलेल्यांनाही पुरवणी मागता येईल, पण लिहायला काही असले तर.

ब्लॉक यंदा पुन्हा संपत आला आहे. परवा एका खातेदाराने पासबुक सरकवत विचारलेच, "काय साहेब, यंदा कुठं?"

मी म्हटले, "तुमचं कोण आहे तिथं?"

तो गोंधळून म्हणाला, "कुठं?"

"तेच विचारतोय," असे म्हणून मी त्याचे पासबुक भरायला घेतले.