विश्लेषण : नागपूर करार नेमका कशावर ठरला? बुलढाण्याला त्याचे काय?

हिवाळी अधिवेशन आले की २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार हमखास आठवतो. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्यासह काँग्रेस नेत्यांनी त्यावर सह्या केल्या होत्या.

आश्वासन काय होते?

लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्या व उच्च शिक्षणात वाटा, नागपुरात वर्षाला एक अधिवेशन. त्याआधीच्या ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला करारात तर महाविदर्भाचा वेगळा उपप्रांत, वेगळे विधिमंडळ होते. सहा वर्षांत उपप्रांताचा ‘वाटा’ कसा झाला? मसुदा हे सांगत नाही.

मग कुठे शोधायचे?

नेत्यांच्या पत्रांत, डायऱ्यांत. १९२१ च्या आयर्लंड-ब्रिटन तहात कोण कुठे अडले, हेही वाटाघाटी करणाऱ्यांच्या खासगी कागदांतूनच उलगडले. स्वतंत्र विदर्भाचा आग्रह धरणाऱ्या बापूजी अणे यांची कागदपत्रे दिल्लीत, नेहरू स्मारक संग्रहालयात (आताचे प्रधानमंत्री संग्रहालय) आहेत.

बुलढाण्याचा संबंध काय?

थेट पाण्याशी. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात विभागवार अनुशेष मांडला. पुढे सिंचनाचा अनुशेष रेंगाळला तो अकोला, वाशीम, अमरावती आणि बुलढाण्यात. नांदुरा तालुक्यातील पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प वर्षानुवर्षे रखडला. कराराला कायद्याचे बळ नव्हते, त्यामुळे ‘कबूल केले होते’ म्हणायला कागदच हवा. समन्यायी निधीवाटपाची तरतूद नंतर राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये आली खरी. पण त्याखालील विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.