सूची आणि तिचे कारभारी

संगणकाच्या प्रोग्रॅमची रचना कशी आखावी, याविषयी मराठीच्या मास्तराने लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण या शास्त्राचा पहिला धडा मला ज्या लेखाने दिला, त्यातले उदाहरण चक्क शब्दसूचीचे आहे. आणि सूची म्हटली की आम्हां भाषेच्या माणसांचे कान टवकारतात!

डेव्हिड पार्नस यांचा हा लेख १९७२ सालचा. काही ओळी घ्यावयाच्या. प्रत्येक ओळीतला पहिला शब्द उचलून शेवटी ठेवीत जावयाचे, म्हणजे प्रत्येक शब्दाला एकेकदा अग्रमान मिळतो. आणि अशा साऱ्या ओळी अकारविल्हे लावावयाच्या. आता कामाची वाटणी कशी करावी? कोणीही म्हणेल, क्रमाने! एका भागाने ओळी वाचाव्यात, दुसऱ्याने फिरवाव्यात, तिसऱ्याने लावाव्यात, चौथ्याने छापाव्यात. पण मग ओळी कशा साठविल्या आहेत हे चौघांनाही ठाऊक असावे लागते. उद्या ती पद्धत बदलली की चौघांचीही मोडतोड!

म्हणून पार्नस सांगतात, आधी कठीण आणि बदलण्याजोग्या निर्णयांची यादी करा, आणि एकेक निर्णय एकेका भागाच्या पोटात दडवा. साठवणीचे गुपित कोठाराच्या कारभाऱ्यापाशीच राहावे. इतरांनी 'अमक्या ओळीतला तमका शब्द दे' एवढेच म्हणावे. या मागण्या-देण्यात थोडा वेळ खर्च होऊ शकतो, हेही ते लपवीत नाहीत.

आपल्या मराठीचेच पाहा. शाळेच्या वर्णमालेत 'क्ष' शेवटी बसतो; एखाद्या कोशात तो 'क'च्या जोडाक्षरांत शोधावा लागतो. क्रम ठरविणारा भाग एकच असेल, तर पंडितांनी काहीही ठरवावे, दुरुस्ती एकाच जागी. तोच निर्णय दहा ठिकाणी विखुरला असेल, तर नऊ जागा दुरुस्त होतात आणि दहाव्या जागी 'क्षमा' हरवते!

आणि ही हरवलेली क्षमा शोधीत कोण बसतो? मूळ लिहिणारा तोवर दुसरी नोकरी धरून गेलेला असतो. भोग येतो मागून आलेल्या पोराच्या वाट्याला. म्हणून हे शास्त्र शिकू लागलेल्या मुलांना मी एवढेच सांगतो, की चौकोन आणि बाण काढण्यापूर्वी कागदाच्या माथ्यावर एक प्रश्न लिहा: उद्या यातले काय बदलेल? उत्तरे खाली मांडा. चौकोन किती हवेत ते तीच उत्तरे सांगतील.