चरणजित सिंग ‘अ‍ॅसिड हाऊसचे जनक’? एका सोयीस्कर दंतकथेविरुद्ध

१/ समाजमाध्यमांवर एक दावा वारंवार डोके वर काढतो : अ‍ॅसिड हाऊस हे नृत्यसंगीत शिकागोत नव्हे, तर मुंबईत जन्मले आणि चरणजित सिंग त्याचे जनक होत. दावा ऐकून ऊर भरून येतो. परंतु ऊर भरून येणे हा पुरावा नव्हे.

२/ प्रथम निर्विवाद गोष्टी. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक. १९८२ मध्ये त्यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका ध्वनिमुद्रित केली. ती ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे आपल्या परिचयाच्या एचएमव्हीने काढली. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग. वाद्ये जपानी रोलँड कंपनीची : ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि तालासाठी टीआर-८०८.

३/ ही तबकडी एकदा सलग ऐकावी. ताल यंत्राचा, न थकणारा, न चुकणारा. त्याखाली ३०३चा खर्ज सतत फिरत राहतो आणि त्यांवर ज्युपिटर रागाची चाल मांडतो. ३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मींडेला सरावलेल्या कानाला ती ओळखीची वाटते.

४/ आता शिकागो. फ्यूचर या त्रयीचे ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये आले. त्यातही हेच ३०३ होते. तेथील कृष्णवर्णीय तरुणांनी यंत्र चालू असतानाच त्याच्या कळी पिरगाळल्या आणि त्या किंचाळत्या, वितळत्या आवाजालाच संगीताचा विषय केले. त्यांनी मुंबईची तबकडी ऐकली होती, याचा पुरावा पुढे आलेला नाही. मुंबईत तरी ती कितीशी खपली होती?

५/ मग साम्य कोठून आले? चाकणच्या दोन कारखान्यांत एकाच बनावटीचे यंत्र बसले आणि दोहोंतून सारखा वळसा असलेला सुटा भाग निघाला, तर एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे पिंपरी-चिंचवडचा कोणताही कामगार म्हणणार नाही. तो म्हणेल, हा यंत्राचा गुण. आधी घडणे वेगळे आणि कारण असणे वेगळे. इतिहासाची पहिली इयत्ता हीच.

६/ या दंतकथेचे नुकसान दुहेरी आहे. शिकागोच्या तरुणांच्या हातून त्यांचे हक्काचे श्रेय हिसकावले जाते. आणि चरणजित सिंग परक्या इतिहासाची केवळ पहिली पायरी ठरतात; जणू शिकागो घडले नसते, तर त्यांच्या कामाला मोलच नव्हते.

७/ वास्तविक त्यांची वंशावळ मुंबईतच आहे. १९५४च्या ‘नागिन’मधील गाजलेली बीन खरी बीन नव्हती, ती क्लॅव्हियोलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर कल्याणजी यांनी वाजवली होती. परदेशी यंत्र आणावे, त्यातून देशी स्वर काढावा, ही या शहरातील वादकांची जुनी रीत. १९८२ची तबकडी त्याच रीतीचे धाडसी टोक आहे. पण हे वादक तबकड्यांच्या वेष्टनांवर बहुधा नावानिशी आलेच नाहीत.

८/ आणि आता अडचणीचा प्रश्न. ही तबकडी २००२ मध्ये दिल्लीत कोणाच्या हाती लागली? एदो बाउमन या डच संग्राहकाच्या. २०१० मध्ये ती पुन्हा कोणी प्रसिद्ध केली? त्यांनीच. त्यानंतर सत्तरी गाठलेल्या चरणजित सिंगांना युरोपातील मंचांवर बोलावणी आली. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्यांना आज जनकपद मिरवायचे आहे, त्या समाजाने २८ वर्षे या तबकडीची साधी चौकशीही केली नव्हती.

९/ अभिमान बाळगायचाच असेल, तर त्याची किंमत मोजावी. गणेशोत्सवातील वाद्यवृंदांत पिंपरी-चिंचवडच्या कामगारांपुढे की-बोर्ड वाजवणारे अनेक वादक आज वृद्ध झाले आहेत. त्यांची नावे, वाद्ये, जुन्या कॅसेटी यांची नोंद घेणारे किती जण आहेत? जगात पहिले कोण, हा वाद नंतरही करता येईल. ही माणसे मात्र थांबणार नाहीत.