निर्दोष सुटला म्हणजे तक्रार खोटी? बातमीतले गणित तपासायला शिका

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडते: "सत्तर टक्के केसेस खोट्याच असतात." चहाच्या टपरीवर पडते, टीव्हीच्या चर्चेत पडते, आणि 'कायद्याचा गैरवापर' या मथळ्याखाली छापूनही येते. हा सत्तरचा आकडा कुठून काढला, हे मात्र कोणी विचारत नाही.

२० मार्च २०१८ रोजी सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट करणारे निर्देश दिले. त्या निकालात २०१५ सालची आकडेवारी आहे. न्यायालयांनी त्या वर्षी १५,६३८ प्रकरणे निकाली काढली. त्यातली ११,०२४ निर्दोष सुटका किंवा आरोपमुक्तीत संपली, ४९५ मागे घेतली गेली आणि ४,११९ प्रकरणांत शिक्षा झाली. ११,०२४ ला १५,६३८ ने भागा, साधारण ७०.५ टक्के येतात. भागाकार बरोबर आहे. लबाडी आहे ती त्याला दिलेल्या नावात. हे सत्तर टक्के 'सुटलेल्या' प्रकरणांचे आहेत, 'खोट्या' प्रकरणांचे नाहीत.

आरोपी सुटतो कशाने? पंच फितूर होतात. साक्षीदार त्याच गावात, त्याच मालकाच्या शेतावर राबतो आणि कोर्टात गप्प बसतो. फिर्यादीवर समझोत्यासाठी दबाव येतो. तपास डीवायएसपीपेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने केला, जातीचा दाखलाच जोडला नाही, असल्या कारणांनीही प्रकरण कोसळते. यातला कुठला दोष पीडिताचा?

खैरलांजी आठवा. २००६ साली भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयात खून सिद्ध झाला, पण अ‍ॅट्रॉसिटीची कलमे टिकली नाहीत. 'कलम टिकले नाही म्हणजे तक्रार खोटी' हेच गणित लावायचे तर खैरलांजीसुद्धा खोटी ठरेल. आहे कोणा संपादकाची तसे छापायची हिंमत?

चुकीच्या आकड्याची किंमत कोण मोजतो, हेही आपण पाहिले आहे. त्या निकालाविरोधात २ एप्रिल २०१८ ला भारत बंद झाला, आंदोलकांचे जीव गेले, शेकडो तरुणांवर गुन्हे दाखल झाले. त्यानंतर संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयानेही आपले निर्देश मागे घेतले. कायदा वाचला, पण 'सत्तर टक्के खोट्या' हे वाक्य अजून मोकाट फिरते आहे.

दुसरा खेळ एकूण संख्येचा. एनसीआरबीच्या २०२२ च्या अहवालानुसार अनुसूचित जातींवरील गुन्ह्यांची १५,३६८ प्रकरणे उत्तर प्रदेशात नोंदली गेली, राजस्थानात ८,७५२ आणि मध्य प्रदेशात ७,७३३. मथळा तयार: उत्तर प्रदेश पहिला. पण २०११ च्या जनगणनेनुसार उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींची लोकसंख्या चार कोटींच्या वर आहे, राजस्थानात ती सव्वा कोटीच्याही आत आहे. दर लाख लोकसंख्येमागे हिशेब केला तर उत्तर प्रदेशाचा दर ३७.२ येतो, मध्य प्रदेशाचा ६८.२ आणि राजस्थानचा ७१.६. म्हणजे जवळपास दुप्पट! याने उत्तर प्रदेश निर्दोष ठरत नाही. पण नुसत्या एकूण संख्येच्या आड बाकीची राज्ये मजेत लपतात.

आता थोडे आपल्याकडेही बघू. 'दर १८ मिनिटांनी एका दलितावर अत्याचार' ही पोस्ट आपण वर्षानुवर्षे फॉरवर्ड करतो. वर्षात ५,२५,६०० मिनिटे असतात. त्यांना १८ ने भागले तर २९,२०० प्रकरणे होतात. २०२२ मध्ये देशभरात ५७,५८२ प्रकरणे नोंदली गेली, म्हणजे साधारण दर ९ मिनिटांनी एक. आपले पोस्टर आपलेच दुःख निम्म्याने कमी करून सांगते आहे! त्यातही ही फक्त नोंदलेली प्रकरणे. जी फिर्याद ठाणेदाराने घेतलीच नाही, ती कुठल्याच तक्त्यात नाही.

म्हणूनच २०२१ चे ५०,९०० पुढच्या वर्षी ५७,५८२ झाले, म्हणजे १३ टक्के वाढ झाली, यावरून घाईने काही ठरवू नका. अत्याचार वाढले असतील, लोक न घाबरता ठाण्यात जाऊ लागले असतील, किंवा दोन्ही झाले असेल. एका आकड्यावरून ते ठरत नाही. 'गैरवापर वाढला' हे तर त्यातून मुळीच सिद्ध होत नाही.

हे कळायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. शाळेतला भागाकार आणि टक्केवारी पुरते. मग बातमीदाराला ते का जमत नाही? जिथे बातमी लिहिणारा, तपासणारा आणि मथळा देणारा बहुतेक एकाच सामाजिक थरातून येतो, तिथे आपल्या पूर्वग्रहाला सोयीचा आकडा कोणाला खटकत नाही. न खटकलेला आकडा कोणी तपासत नाही.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण जयंतीच्या भाषणात अभिमानाने सांगतो. 'मूकनायक' काढणारा माणूस आणि 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिणारा माणूस एकच होता. लेखणी आणि हिशेब त्यांनी वेगळे ठेवले नाहीत. आपण का ठेवावेत?

यापुढे आकड्याची बातमी दिसली की चार प्रश्न विचारा. हे टक्के कशापैकी आहेत? लोकसंख्येच्या प्रमाणात किती? तुलना कोणत्या वर्षाशी? मोजलेली गोष्ट आणि मथळ्यातली गोष्ट एकच आहे का? उत्तर जुळले नाही तर संपादकाला हिशेबासकट लेखी पत्र पाठवा, प्रत ठेवा, वस्तीतल्या अभ्यासिकेत पोरांसमोर तोच हिशेब फळ्यावर मांडा. आणि हेच चार प्रश्न स्वतःची पोस्ट टाकण्याआधीही विचारा. उद्या चर्चेत कोणी 'सत्तर टक्के खोट्या' म्हणाला, तर आवाज चढवू नका. त्याच्यापुढे कागद ठेवा आणि म्हणा, "दाखव, यात 'खोटी' हा शब्द कुठे आहे?"

जय भीम!