सामान्यज्ञान कशास म्हणावे?

पावसाचा जोर ओसरला आणि चवथ सरली की गोव्यातील शाळांतून स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. वक्तृत्व, निबंध आणि नाट्यप्रवेश यांच्या जोडीला सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजूषेनेही आता मानाचे स्थान मिळविले आहे. १९७२ साली बोर्नव्हिटाची स्पर्धा आकाशवाणीवर सुरू झाली, तेव्हा प्रश्नोत्तरांचा हा खेळ घराघरांत पोचला. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ने त्याला पैशाचे वलय दिले. पेडण्यासारख्या तालुक्यातील खेड्यांच्या शाळांतही आज तो तितक्याच हौसेने खेळला जातो. मुलांच्या हाती पुस्तक येते, चार मुले एका बाकावर बसून परस्परांस प्रश्न विचारतात, हे दृश्य कोणासही आनंद देणारेच आहे. त्या आनंदात विरजण घालण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या स्पर्धांतून मुलांस नेमके काय मिळते, याचा विचार शिक्षकांनी आणि पालकांनी एकदा करावा, असे आम्हांस वाटते.

एक नेहमीचा प्रश्न घेऊ. ‘पोर्तुगिजांनी गोव्यावर किती वर्षे राज्य केले?’ मुले क्षणार्धात सांगतात, ‘४५१ वर्षे.’ १५१० पासून १९६१ पर्यंतचा हा हिशेब तिसवाडीपुरता बिनचूक आहे. पण उत्तर देणारे मूल पेडण्याचे असेल तर त्याच्या स्वतःच्या गावाच्या बाबतीत ते उत्तर साफ चुकीचे ठरते. पेडणे पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले ते १७८८ साली, सावंतवाडीकरांकडून. म्हणजे येथे परकी सत्ता १७३ वर्षे होती. शेजारच्या डिचोलीची कथाही अशीच आहे. ‘नव्या काबिजादी’चे हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यास जोडले गेले.

हा केवळ आकड्यांचा घोळ आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी येथील देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा यांना त्या वेळी पोर्तुगीज हद्दीबाहेर असलेल्या फोंडा महालात आश्रय घ्यावा लागला. पेडण्याची भगवती, मोरज्याची मोरजाई ही दैवते मात्र आपापल्या जागी राहिली. पेडणे पोर्तुगिजांकडे गेले, तेव्हा धर्मछळाचा तो पहिला कठोर काळ मागे पडला होता आणि नव्या प्रजेच्या देवस्थानांस व रीतिरिवाजांस धक्का न लावण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी स्वीकारले होते. ‘मंगेशीचे देऊळ कोठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर मूल पाठ करते. ‘ते तेथे का आहे, आणि आपली भगवती येथेच का आहे?’ हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही. पहिल्या प्रश्नाने एक गुण मिळतो, दुसऱ्याने इतिहास कळतो.

अशा प्रश्नांचा पेडण्यात तुटवडा आहे असे कोणी म्हणू नये. शापोरा नदीकाठच्या हळर्णचा किल्ला १७४६ साली जिंकल्याबद्दल तेव्हाच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयला ‘मार्किस ऑफ आलोर्ना’ हा किताब मिळाला. पोर्तुगालमध्ये आजही त्या नावाची एक जुनी वाडी द्राक्षमद्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या एका लहानशा गावाचे नाव सातासमुद्रापलीकडे नांदते आहे, हे हळर्णच्या किती मुलांस ठाऊक असेल? महादजी शिंद्यांच्या फौजेतील नामांकित सेनानी जिवबादादा बक्षी केरीचे. कुमार गंधर्वांस आणि किशोरी आमोणकरांस ज्यांचे मार्गदर्शन लाभले, त्या गायिका अंजनीबाई मालपेकर यांचा जन्म १८८३ साली मालप्यात झाला. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयास ज्या संत सोहिरोबानाथ आंबियांचे नाव दिले आहे, ते कोण होते? पत्रादेवीच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोळी झेलणारा कर्नैलसिंग हा पंजाबचा तरुण गोव्यासाठी येथवर का आला? कोजागरीच्या पुनवेस एका रात्रीत देऊळ बांधून मागणाऱ्या भूतनाथाची कथा आपल्या समाजाविषयी काय सांगते? हे सारे सामान्यज्ञानच आहे. ते बाजारी पुस्तकात छापलेले नाही, इतकाच त्याचा दोष.

इतिहासाप्रमाणेच विज्ञानही दाराशी उभे आहे. मोरज्याच्या किनाऱ्यावर सागरी कासवे अंडी घालावयास येतात. पिलू नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निघतात. कोकण रेल्वेचा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण झाला, पण पेडण्याच्या बोगद्याने अभियंत्यांस शेवटपर्यंत झुंजविले. जुलै २०२४ मध्ये याच बोगद्यात पाणी शिरून गाड्या अडकल्या. ‘कोकण रेल्वे कधी सुरू झाली?’ असे विचारून थांबण्याऐवजी ‘कठीण खडकापेक्षा मऊ, पाणी धरणाऱ्या मातीत बोगदा खणणे अवघड का?’ असे विचारले तर मूल आपल्या विहिरीकडे आणि डोंगराकडे नव्या नजरेने पाहील. मोपच्या विमानतळाचे उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, हे प्रत्येक मार्गदर्शिकेत सापडते. परंतु सड्यावर पडणारा पाऊस जांभ्या दगडातून मुरून पायथ्याच्या झऱ्यांस कसा मिळतो, हे त्याच सड्याखाली राहणाऱ्या मुलाने जाणून घेणे अधिक अगत्याचे आहे. उद्या या तालुक्यातील जमिनीचे, पाण्याचे आणि किनाऱ्याचे निर्णय त्यालाच करावयाचे आहेत. झरा कोठून येतो हे ज्यास ठाऊक नाही, तो झरा आटल्यावर कोणास जाब विचारणार?

दुसरा मुद्दा अचूकपणाचा. वर्षानुवर्षे त्याच त्या प्रश्नावल्या उतरवून घेतल्याने चुकाही वारसाहक्काने पुढे चालत आल्या आहेत. ‘भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी’ असे उत्तर आजही दिले जाते. वस्तुतः कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून घोषित झालेला नाही, हे केंद्र सरकारने २०१२ साली माहिती अधिकारात स्पष्ट केले आहे. ‘राष्ट्रभाषा कोणती?’ हा प्रश्नही असाच फसवा आहे. राज्यघटनेचे ३४३ वे कलम हिंदीस संघराज्याची राजभाषा म्हणते, राष्ट्रभाषा म्हणत नाही. ग्रह नऊ होते, ते २००६ साली आठ झाले. अशा वेळी खरे उत्तर देणाऱ्या मुलाचा गुण कापला गेला आणि चुकीचे पाठ केलेल्यास ढाल मिळाली, तर त्या कोवळ्या मनावर कोणता संस्कार होईल? वाचून पडताळलेल्या गोष्टीपेक्षा परीक्षकाच्या हातातील कागद मोठा, हाच ना?

तिसरी गोष्ट न्यायाची. ज्या घरी पुस्तके आहेत, शिकवण्या आहेत, त्या घरचे मूल घंटी आधी वाजवते. फेरीबोटीने नदी ओलांडून येणारे तेरेखोलचे मूल त्या शर्यतीत मागे पडते. पण भरती-ओहोटी कशी ओळखावी, किल्ल्याचा बुरूज कोणत्या बाजूस तोंड करून आहे, हे त्याला जितके ठाऊक असते तितके शहरातील हुशार मुलास नसते. त्याच्या या ज्ञानास स्पर्धेत काहीच मोल नसेल, तर आपले जगणे ज्ञानात मोडत नाही असा त्याचा समज होईल. तो त्याच्या ठायी आयुष्यभर राहील.

म्हणून आम्ही तीन सूचना करू इच्छितो. पहिली, प्रत्येक शालेय स्पर्धेतील निदान एक तृतीयांश प्रश्न आपल्या गावाविषयी आणि तालुक्याविषयी असावेत, आणि ते मुलांनीच गावकरी, रापणकार, शेतकरी व वृद्ध शिक्षक यांस भेटून जमवावेत. दुसरी, प्रत्येक उत्तरापुढे त्याचा आधार व साल लिहिण्याचा दंडक घालावा, आणि मुलाने आक्षेप घेतल्यास तो ऐकून घेतला जावा. तिसरी, घंटीच्या फेरीबरोबर एक फेरी ‘का’ची असावी. तीत मुलास विचार करावयास एक मिनिट आणि बोलावयास एक मिनिट मिळावे. यास पैसा लागत नाही, सरकारी परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. एखाद्या मुख्याध्यापकाने मनावर घेतले तर याच वर्षी हे घडू शकेल.

जगातील सर्वांत उंच शिखर आणि लांब नदी मुलांनी जरूर ओळखावी. विहिरीतील बेडूक व्हा, असे आम्ही कोणास सांगत नाही. नाईल नदी कोठून उगम पावते हे सांगणाऱ्या मुलाने आपल्या दाराशी वाहणारी तेरेखोल कोठून येते, हेही सांगावे, एवढेच आमचे मागणे आहे. यंदाच्या स्पर्धेची प्रश्नपत्रिका तयार करावयास बसणाऱ्या शिक्षकांनी लेखणी उचलण्यापूर्वी एकदा खिडकीबाहेर पाहावे, अशी आमची त्यांस विनंती आहे.