गावच्या रस्त्यावर भाड्याची गाडी

मुंबईच्या विमानतळावरून सातपाटीला जायचे तर पश्चिम द्रुतगती मार्गाने दहिसर, पुढे वसईच्या खाडीवरचा वर्सोवा पूल, मग राष्ट्रीय महामार्ग ४८ धरून मनोरचा मस्तान नाका, तिथून डावीकडे वळून वाघोबा खिंडीतून पालघर आणि शेवटी शिरगाववरून सातपाटी असा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता आहे. बोईसर-तारापूरचे लोक महामार्गानेच थोडे पुढे जाऊन चिल्हार फाट्याला वळतात. परदेशात स्थायिक झालेल्या कुटुंबांतली गाडी चालवणारी मंडळी सुट्टीत गावी येताना हा रस्ता आता सेल्फ-ड्राइव्ह गाडी भाड्याने घेऊन स्वतःच कापू लागली आहेत. गाडी मोबाइलवर ठरते, वेळ आपल्या हातात राहते, म्हणून ही सोय अनेकांना आवडते. परंतु दहा-पंधरा वर्षे न्यू जर्सीत, दुबईत किंवा म्युनिकमध्ये गाडी चालवलेल्या माणसासाठी सातपाटीचा रस्ता वाहतुकीपुरता परदेशातलाच असतो. इटली किंवा न्यूझीलंडमध्ये गाडी घेण्यापूर्वी जी चौकशी आणि जी खबरदारी घेतली जाते ती गावी जाताना घेतली जात नाही, कारण रस्ता ओळखीचा वाटतो. धोका नेमका या ओळखीतून उभा राहतो.

तयारी परदेशात असतानाच करावी लागते. भारताने रस्ते वाहतुकीसंबंधीचा १९४९ चा जिनिव्हा करार स्वीकारलेला आहे. त्या कराराच्या नमुन्यातला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मूळ परवान्यासोबत जवळ असला, तर परदेशी परवाना असलेल्याला इथे गाडी चालवता येते. हा परवाना ज्या देशाने मूळ परवाना दिला त्याच देशातून घ्यावा लागतो. मुंबईत उतरल्यावर तो मिळत नाही. अमेरिकेत तो अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनकडून, कॅनडात कॅनेडियन ऑटोमोबाइल असोसिएशनकडून आणि ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून पेपॉइंटच्या दुकानांतून मिळतो. त्याची मुदत एक वर्षाची असते. मूळ परवाना घरी विसरला तर नुसत्या आंतरराष्ट्रीय परवान्याचा उपयोग नाही.

अनेकांच्या पाकिटात जुना भारतीय परवानाही असतो आणि त्याच्या भरवशावर गाडी घेतली जाते. त्यावरची तारीख मात्र क्वचितच पाहिली जाते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत होती, ती आता राहिलेली नाही. मुदत संपून वर्ष उलटले असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. वैध परवान्याशिवाय गाडी चालवल्यास ५,००० रुपये दंड आहे, पण खरी अडचण अपघात झाला तर येते. विमा कंपनी जखमीला भरपाई देते आणि ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. मालक मग भाड्याच्या कराराचा आधार घेऊन गाडी नेणाऱ्याला गाठतो.

गाडी कुठली घ्यावी याचे उत्तर तिच्या नंबर प्लेटवर मिळते. स्वतः चालवण्यासाठी अधिकृतपणे भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि त्यावरची अक्षरे पिवळी असतात. चालकासह येणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरे काळी, तर खासगी गाडीची पाटी पांढरी. गावाकडे ओळखीतून कुणाची तरी पांढऱ्या पाटीची गाडी रोजावर मिळते, स्वस्तही पडते. ती घेऊ नये. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत भाड्याने देण्याचा वापर बसत नाही, त्यामुळे प्रसंग आला तर विमा असून नसल्यासारखा होतो आणि ओळखीतल्या माणसाचेही नुकसान होते. गाडी ताब्यात घेताना आरसी, परमिट, विमा आणि पीयूसी पाहावे, टायर आणि स्टेपनी तपासावी, फास्टॅगमध्ये पैसे आहेत का विचारावे. खानिवडे आणि चारोटी इथे टोलनाके आहेत. सगळ्या बाजूंनी गाडीचे चित्रीकरण करून ठेवावे. ज्यांनी आयुष्यभर ऑटोमॅटिक गाडीच चालवली त्यांनी दोन पैसे जास्त देऊन ऑटोमॅटिकच मागावी. उजव्या हाताचे स्टिअरिंग, डाव्या हाताचा गिअर, क्लच आणि अनोळखी रहदारी हे सगळे एकाच दिवशी शिकायला घेण्याची ही जागा नव्हे.

बाजूचा प्रश्न सगळ्यांना सारखा छळत नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर आणि मॉरिशसमधले मराठी लोक डावीकडूनच चालवतात. अमेरिका, कॅनडा, जर्मनी, आखाती देश आणि इस्रायलमधल्यांना मात्र बाजू बदलावी लागते. रहदारी भरपूर असते तेव्हा पुढच्या गाडीमागे जाताना ही चूक सहसा होत नाही. रस्ता मोकळा असताना, पेट्रोल भरून पंपाबाहेर पडताना किंवा दुभाजक नसलेल्या रस्त्यावर वळताना हात आपोआप जुन्या सवयीने फिरतो. मनोर-पालघर रस्त्याच्या वळणांवर आणि सातपाटीच्या वाटेवर ही जोखीम जास्त, कारण तिथे बाजूची आठवण करून देणारा दुभाजक सगळीकडे नाही. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणाला ‘डावीकडे’ असे मोठ्याने म्हणावे. यात संकोच करण्यासारखे काही नाही.

सवयींचे फरक याहून फसवे आहेत. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाल दिवा असतानाही थांबून उजवीकडे वळता येते. भारतात तशी पाटी नसेल तर लाल दिव्याला डावीकडेही वळता येत नाही. ब्रिटनमध्ये समोरच्याने दिवे लुकलुकवले तर ‘तुम्ही जा’ असा अर्थ घेण्याची रीत आहे. आपल्या महामार्गावर त्याचा अर्थ ‘मी येतोय, थांबा’ असा असतो. हा एक गैरसमज समोरासमोर धडक घडवायला पुरेसा आहे. अवजड वाहने उजव्या मार्गिकेत संथ चालतात आणि बाकीचे डावीकडून ओलांडतात. दुभाजक तुटलेल्या जागी उलट दिशेने दुचाकी येते. कडेला बंद पडलेल्या ट्रकमागे दिवा असेलच असे नाही. दारूची मर्यादाही वेगळी आहे. इथे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडले की गुन्हा होतो, इंग्लंडमध्ये हीच मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे. तिकडे चालणारा एक ग्लास इथे चालत नाही.

या महामार्गाविषयी बोलताना चारोटीचा उल्लेख टाळता येत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उदवाड्याहून मुंबईकडे येणारी एक मर्सिडीज चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागच्या आसनावर बसलेले सहप्रवासी जागीच गेले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महाग होती, सुरक्षिततेच्या साधनांनी भरलेली होती आणि भर दुपारची वेळ होती. पुलापाशी रस्ता अरुंद होतो, हा रस्त्याच्या रचनेतला दोषही तेव्हा पुढे आला, आणि त्याची जबाबदारी रस्ता बांधणाऱ्यांवर आहेच. घोडबंदर ते दापचरी या सुमारे शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात त्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच २६२ अपघात होऊन ६२ माणसे मेली होती. मिस्त्रींच्या अपघातामुळे देशाचे लक्ष तिकडे गेले. पालघरच्या लोकांना हा रस्ता आधीपासून ठाऊक होता.

मागच्या आसनावर पट्टा लावण्याची सक्ती या अपघातानंतर आली, असा समज आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ती आधीपासूनच होती, फक्त पाळली जात नव्हती. न पाळल्यास १,००० रुपये दंड आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात पट्टा न लावल्यामुळे १६,७१५ माणसे मेली, त्यांतले ८,३३१ प्रवासी होते, म्हणजे गाडी चालवणारे नव्हते. पट्टा नसलेला मागचा माणूस धडकेच्या क्षणी पुढच्या आसनावर फेकला जातो आणि पुढच्याचाही जीव धोक्यात घालतो.

इथे परदेशस्थ कुटुंबांना स्पष्ट शब्दांत सांगणे भाग आहे. जे आईवडील तिकडे मुलाला बालआसनात बांधल्याशिवाय गाडी सुरू करत नाहीत, तेच गावी आल्यावर पाच जणांच्या गाडीत सात जण बसवतात, बाळाला आजीच्या मांडीवर देतात आणि ‘इथे चालतं’ म्हणतात. धडकेच्या जोरापुढे आजीचे हात टिकत नाहीत. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर भारतीय कायद्यातही दंड आहे. भाड्याच्या गाडीत बालआसन मिळेल हे गृहीत धरू नये, घरचे सोबत आणावे. गाडी घेताना मागच्या पट्ट्यांची कुलपे हाताने चाचपून पाहावीत. आपल्याकडे ती पुष्कळदा सीट कव्हरच्या खाली दडपलेली असतात. एखादे जरी वर निघत नसेल तर गाडी बदलून मागावी. आजी-आजोबांना पट्ट्याची सवय नसते, टोचतो म्हणून ते नाही म्हणतात. त्यांना प्रेमाने समजवावे, पण पट्टा लावल्याशिवाय गाडी हलवू नये.

रात्रीच्या प्रवासाविषयी तडजोड नको. अमेरिका-युरोपहून येणारी कितीतरी विमाने मुंबईत मध्यरात्रीनंतर उतरतात आणि माणसे थेट महामार्गाला लागतात. न्यूयॉर्कच्या आणि मुंबईच्या घड्याळात साडेनऊ ते साडेदहा तासांचा फरक आहे. शरीर तो एका दिवसात पचवत नाही, आणि पहाटे तीन-चारची झोप चालकाला न सांगता येते. उतरल्यानंतरची पहिली रात्र मुंबईत काढावी, किंवा झोप झालेल्या चालकासह गाडी बोलवावी.

महामार्ग सोडल्यावर वेग कमी होतो, पण लक्ष अधिक द्यावे लागते. चिल्हार फाटा ते बोईसर या रस्त्यावर तारापूर औद्योगिक वसाहतीचे टँकर आणि ट्रक दिवसरात्र धावतात. रासायनिक टँकरच्या मागे चिकटून जाऊ नये. पालघरहून सातपाटी आठ-नऊ किलोमीटर. या वाटेवर एसटी, रिक्षा आणि माशांचे टेम्पो असतात. टेम्पोतून बर्फाचे पाणी गळते आणि त्या ओल्या पट्ट्यावर दुचाकी घसरतात. ३१ जुलैला मासेमारी बंदी उठली की पापलेटचा हंगाम सुरू होतो आणि बंदराकडची वर्दळ वाढते. गावातल्या गल्ल्या पायी चालणाऱ्यांच्या आहेत, त्यांत मोठी गाडी घालून मासळीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बायकांची वाट अडवू नये. गाडी बाहेर मोकळ्या जागी लावून चालत जावे.

स्वतः चालवण्याला चांगला पर्याय आहे, आणि बहुतेकांसाठी तोच योग्य आहे. १६ एप्रिल २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत जाते, त्यामुळे पालघर आणि बोईसर दोन्ही लोकलच्या मार्गावर आहेत. सामान जास्त असेल तर चालकासह गाडी घ्यावी. चालकही बेफाम हाकतात, ही तक्रार खरी आहे. पण पैसे देणारे कुटुंब त्याला वेग कमी करायला आणि मोबाइल बाजूला ठेवायला सांगू शकते. त्याच्या जेवणाची आणि झोपेची सोय पाहणे हेही त्या कुटुंबाचेच काम आहे. पहाटे दोनला विमानतळावर उभा केलेला माणूस संध्याकाळपर्यंत गाडीत जुंपणे हा अन्याय आहे आणि धोकाही.

अपघात घडलाच तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक लावावेत. जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असेल तर तिथे न थांबण्याची मुभा कायद्याच्या कलम १३४ मध्येच दिली आहे; अशा वेळी थेट जवळचे पोलीस ठाणे गाठावे. मदतीला धावलेल्या माणसाला कलम १३४ अ चे संरक्षण आहे, तेव्हा इतरांच्या अपघातातही थांबायला घाबरू नये.

गावी येणाऱ्या परदेशस्थ कुटुंबांना विनंती एवढीच आहे की तिकीट काढाल त्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज करा, मुलांचे आसन सामानात धरा आणि गावी पोचल्यावर पहिले चार दिवस स्टिअरिंग इथल्या चालकाच्या हाती राहू द्या.